पीएमईजीपी कर्ज, काजू युनिट आणि सतरा नावांचा सातबारा : माझा अनुभव

बी.कॉम. झाल्यावर माझ्या वर्गातली निम्मी मुलं मुंबई-पुण्याला गेली, बाकीची भरतीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसली. मी कुडाळ तालुक्यातच राहून काजू प्रक्रिया युनिट टाकलं आणि ते आज चालू आहे. पण 'गावातच उद्योग करा' म्हणून भाषण देणाऱ्या एकानेही मला सामायिक सातबाऱ्याबद्दल सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

योजना पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. ग्रामीण भागात महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि पदरचे ५ टक्के. खुल्या गटातल्या मुलाला गावात २५ टक्के अनुदान आणि पदरचे १० टक्के. ऑनलाइन अर्ज, जिल्हा उद्योग केंद्राची छाननी, सगळं सुरळीत पार पडलं. प्रस्ताव बँकेत गेला आणि तिथेच अडकला.

बँकेचं नाव घेत नाही. युनिट आमच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या कोठारात टाकायचं होतं. साहेबांनी सातबारा मागितला. पणजोबांपासून खाली उतरलेली सतरा नावं, त्यातली काही माणसं वारलेली, दोघी आत्या लग्न होऊन गेलेल्या, उरलेले बहुतेक चाकरमानी. साहेब म्हणाले, "सगळ्यांची संमती आणा." वारलेल्यांची कशी आणू, विचारलं तर म्हणाले, "वारस नोंद करून घ्या."

कोकणातल्या कुणालाही विचारा, वारस नोंद म्हणजे काय ते. मृत्यूचा दाखला मुंबई महापालिकेतून, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग तलाठ्याकडे फेरफार, १५ दिवसांची नोटीस, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. आणि एवढं करून होतं काय? मयताचं एक नाव जातं आणि त्याच्या जागी चार-पाच वारस येतात. म्हणजे संमती द्यायची माणसं आणखी वाढतात! मी काम करत होते आणि यादी लांबत होती. याचा राग मला अजूनही येतो.

गणपतीत सगळे गावी आले तेव्हा आरत्या झाल्यावर संमतीपत्र घेऊन घरोघर फिरले. चुलत आजोबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "सही करतंय गो बाय, पण माझो हिस्सो जावचो नाय मां?" त्यांचं काही चुकलं नाही. जमिनीच्या कागदावर सही करताना माणूस घाबरणारच. बहुतेकांनी सह्या दिल्या. बोरिवलीच्या एका काकांनी "वकिलाला दाखवतो" म्हणून कागद नेला, तो परत आलाच नाही. तेवढ्यावर बँकेने प्रस्ताव बाजूला ठेवला.

शेवटी योजनेचे नियम मी स्वतः बसून वाचले. पीएमईजीपीच्या प्रकल्पात जमिनीची किंमत धरताच येत नाही आणि भाड्याची शेड चालते. लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण घ्यायचं नाही, हा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. माझं कर्ज त्याच्या आतलं होतं. मग सातबाऱ्याचा घोळ कशासाठी? शेजारच्या वाडीत एका गृहस्थांचा गाळा होता, घर त्यांच्या एकट्याच्या नावावर. नोंदणीकृत भाडेकरार केला, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला घेतला आणि बँकेत अर्ज दिला : आता कोणता कागद कमी आहे, ते लेखी कळवावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. त्यानंतर तोंडी मागण्या बंद झाल्या आणि कर्ज मंजूर झालं. भाड्याची जागा चालते हे साहेबांना पहिल्याच भेटीत सांगता आलं असतं.

तुमचा सातबारा सामायिक असेल तर आधी एकाच नावाची जागा शोधा, अर्ज नंतर भरा. वारस नोंद करायचीच आहे, ती ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून सावकाश करा, पण कर्ज तिच्यावर टांगून ठेवू नका. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी तर फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून राहतं आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. एका कुटुंबात, म्हणजे नवरा-बायकोत, एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज नवऱ्याने करायचा की बायकोने, हे घरात आधी ठरवा. अनुदानाचा फरक वर दिलाच आहे.

आणि हो, अर्जाच्याही आधी एखाद्या काजू कारखान्यात काम करा. मी केलं होतं. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलवटते. हाताला खोबरेल चोळून बसणाऱ्या बायका अख्खा गर कसा काढतात, हे पाहूनच कळतं. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. अख्ख्या गराचा भाव आणि फुटलेल्या पाकळीचा भाव यांत जो फरक आहे, त्यातच तुमचा नफा. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी मोठी, तिचा गर वरच्या ग्रेडला जातो.

प्रकल्प अहवालात मशिनरीइतकंच खेळतं भांडवल मागा. बी मार्च ते मे येते आणि वर्षभराची तेव्हाच विकत घेऊन, वाळवून ठेवावी लागते. माझं कर्ज पावसात हाती आलं, त्यामुळे पहिल्या वर्षी बी व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यावी लागली. मार्चमध्ये पैसे हातात हवे असतील तर अर्ज गणपतीच्या आधी टाका.