राइटचा दिवा घेताना आधी कॉलर बघा

एल. जी. राइट कंपनीने स्वतः कधी काच वितळवली नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू मार्टिन्सव्हिलची ही कंपनी १९३७ ते १९९९ या काळात जुने साचे विकत घ्यायची, जुन्या नमुन्यांवरून नवे करवून घ्यायची आणि काच फेंटनसारख्या कारखान्यांकडून बनवून आणायची. तिच्या काचेच्या रॉकेल-दिव्यांना 'नक्कल' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. 'डेझी अँड फर्न' नमुन्याचा लाल दिवा उजेडासमोर धरून बघा. त्यातली लाली सोन्यामुळे येते. साच्यात उठावाचा भाग आधी निवतो, आणि काच पुन्हा तापवली की तेवढाच भाग दुधी होतो. हे काम हाताचंच आहे.

बहुतेक नगांवर कंपनीची खूण नसते, कागदी लेबल तर केव्हाच निघून गेलेलं असतं. म्हणून आधी कॉलर, म्हणजे टाकीच्या गळ्यावरची बर्नर बसवायची धातूची कडी, बघायची. एकोणिसाव्या शतकातली पितळी कॉलर सहसा प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असे. कडेला पिवळट गोंद दिसला, तर दिवा अलीकडचा आहे किंवा दुरुस्त केलेला आहे.

कॉलर हलत असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, काचेचा गळा तडकतो. प्लास्टर असेल तर कोमट पाणी आणि व्हिनेगर यांत रात्रभर भिजवा. गोंद ॲसिटोनने मऊ पडतो. मग दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी असं घट्ट दह्याइतकं कालवून कॉलरच्या खाचेत भरा आणि लगेच गळ्यावर बसवा. दहाएक मिनिटांत ते धरतं, तेवढ्यात बर्नर न पेटवता नुसता बसवून सरळ आहे ना हे बघून घ्या. तिरका राहिला तर ज्योत काचेच्या एकाच बाजूला लागते, तिथे काजळी धरते आणि काच फुटते. २४ तासांनी कॉलरच्या आतल्या कडेला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख) लावा. चपडा रॉकेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे प्लास्टर तेल पीत नाही.

बर्नर मागवताना कॉलरचं तोंड मोजा. सुमारे २२ मिमी म्हणजे १ नंबर, वात १६ मिमी. ३२ मिमी म्हणजे २ नंबर, वात २५ मिमी, चिमणीचं बूड ७६ मिमी.

टाकीला विजेच्या वायरसाठी भोक पाडलेलं असेल तर तो दिवा फक्त मांडून ठेवण्याचा.

रेशनचं निळं रॉकेल पारदर्शक टाकीत नको, आणि दिवा ठेवून देताना टाकी रिकामी करा. वात तेल ओढत राहते आणि कॉलर बाहेरून ओली होते.