‘इज अबाउंड’ ही चूक कुठून येते

‘अबाउंड’ (विपुल असणे) हे इंग्रजी क्रियापद वाचताना अडत नाही. लिहायची वेळ आली की मात्र वाक्य हमखास असं उतरतं: ‘मालवण इज अबाउंड विथ फिश’. यातलं ‘इज’ चुकीचं आहे. ‘अबाउंड’ स्वतःच क्रियापद आहे, त्यामुळे ‘मालवण अबाउंड्स विथ फिश’ असं हवं, आणि भूतकाळात ‘अबाउंडेड’. ‘इज’ ठेवायचंच असेल तर विशेषण घ्या: ‘इज अबंडंट इन’.

या चुकीचं मूळ मराठीत आहे. रेलचेल, सुकाळ, लयलूट, सुळसुळाट, बुजबुजाट: विपुलता सांगायला आपल्याकडे नामं भरपूर, आणि त्यांना ‘आहे’ जोडलं की काम होतं. तोच ‘आहे’ इंग्रजीत ‘इज’ होऊन घुसतो. शिवाय ‘अराउंड’, ‘बाउंड’ यांच्याआधी ‘इज’ चालतं, म्हणून कानालाही काही खटकत नाही.

यावर उपाय म्हणजे मनात ‘रेलचेल’ऐवजी ‘ओसंडणे’ धरायचं. ‘ओसंडणे आहे’ असं कोणी म्हणत नाही. व्युत्पत्तीही तिथेच नेते. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट आणि ‘अबुंडारे’ म्हणजे भरून वाहणं. ‘इनंडेट’ आणि ‘रिडंडंट’ याच कुळातले. ‘सराउंड’सुद्धा! त्याचा जुना अर्थ ओसंडून वाहणं असाच होता; ‘राउंड’शी साम्य दिसल्यामुळे तो पुढे वेढण्याकडे वळला. ‘उंडा’चं नातं संस्कृत ‘उदक’पर्यंत पोचतं.

वाक्याचे साचे दोन. जागा कर्ता असेल तर पुढे ‘इन’ किंवा ‘विथ’: ‘द क्रीक अबाउंड्स इन क्रॅब्ज’. शब्दकोशांना दोन्ही मान्य आहेत. दुसऱ्या साच्यात वस्तूच कर्ता होते आणि वाक्य तिथेच संपू शकतं: ‘रूमर्स अबाउंड’, अफवांना ऊत आलाय. बातम्यांच्या इंग्रजीत हाच साचा जास्त भेटतो. जे विपुल आहे ते अनेकवचनी किंवा न मोजता येणारं हवं. ‘फाइव्ह टायगर्स अबाउंड’ म्हणता येत नाही, कारण आकडा आला की ओसंडणं संपलं. कर्मणी प्रयोग होतच नाही, आणि ‘इज अबाउंडिंग’ही सहसा टाळावं.

जवळचं क्रियापद ‘टीम’. उच्चार संघवाल्या ‘टीम’सारखाच, मधे दोन ‘ई’. इथे ‘इज टीमिंग विथ’ बिनदिक्कत चालतं, कारण त्यात वळवळ आहे, गर्दी आहे. ‘द मार्केट इज टीमिंग विथ पीपल’ म्हणजे बाजारात माणसांचा नुसता बुजबुजाट. मात्र ‘संधी विपुल आहेत’ यासाठी ‘ऑपॉर्च्युनिटीज अबाउंड’च शोभतं.

छटेकडेही लक्ष द्यावं. ‘रेलचेल’ सुखाची, ‘सुळसुळाट’ तक्रारीचा. ‘अबाउंड’ दोन्हींना पुरतो. म्हणून मराठीत आणताना काय विपुल आहे ते आधी पाहावं. ‘मिस्टेक्स अबाउंड’चं ‘चुकांची रेलचेल’ केलं तर लेखक खवचटपणा करतोय असं वाटेल. तिथे ‘चुकाच चुका’ सरळ आणि पुरेसं. बोलताना मात्र इंग्रज माणूसही बहुधा ‘देअर आर लॉट्स ऑफ’ म्हणतो. ‘अबाउंड’ हा लेखणीचा शब्द.