पूल चार मीटरचा, बॉम्ब हजार पौंडी

493 व्या बॉम्बर स्क्वाड्रनचं नाव निघालं की एक प्रश्न ठरलेला: दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातले रेल्वेपूल पाडायला रेडिओवरचा बॉम्ब कशाला लागला, साधे काय वाईट होते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेची ही तुकडी 25 ऑक्टोबर 1942 ला कराचीत उभी राहिली. विमानं बी-24 लिबरेटर, मुख्य तळ बंगालमधलं पांडवेश्वर. समोर मीटरगेजचे पूल, रुंदीला जेमतेम चार-पाच मीटर. दहा हजार फुटांवरून इतकी बारीक पट्टी साधणं कठीणच. शिवाय बॉम्ब शेजारी फुटला तर धक्क्याची हवा गर्डरांच्या जाळीतून निघून जाते आणि पूल तसाच उभा.

म्हणून ॲझॉन, म्हणजेच तो रेडिओवरचा बॉम्ब. बॉम्ब नेहमीचाच, हजार पौंडी. शेपटी तेवढी निराळी. तिच्यात रेडिओ रिसीव्हर, हलणारे पंख, एक जायरो आणि डोळे दिपवणारी फ्लेअर. बॉम्बार्डियरनं नेहमीसारखा नेम धरून बॉम्ब सोडायचा, मग खाली जाणाऱ्या फ्लेअरवर नजर ठेवून छोट्या दांडीनं डावं-उजवं करायचं. जायरोचं काम बॉम्बला गिरक्या घेऊ न देणं. तो बिघडला की बॉम्ब कलंडतो आणि ‘डावीकडे’ म्हटलेलं भलतीकडे जातं.

पुढे-मागे मात्र काहीच करता येत नाही. वरून, पाठीमागून बघताना बॉम्ब आखूड पडणार की लांब, हे डोळ्यांना नीट कळतच नाही. खरी मेख इथे आहे: विमान पुलाच्या लांबीच्या दिशेनं आणलं की थोडं आखूड-लांब पुलाची लांबी खपवून घेते, आडवी चूक दांडी सुधारते. अर्धाच हुकूम मानणाऱ्या बॉम्बला पुलासारखं गिऱ्हाईक नाही! डिसेंबर 1944 च्या अखेरीस प्यिनमनाचा पूल असाच गेला.

किंमत अशी, की बॉम्ब खाली पोचेपर्यंतची पंचवीसेक सेकंदं विमानाला वळता येत नाही. खालच्या तोफांना आयती संधी. आणि मध्ये ढग आला की फ्लेअर गायब. युरोपात ॲझॉन फारसा रुळला नाही, त्यात ढगांचा मोठा वाटा.

6 जानेवारी 1946 ला स्क्वाड्रन निष्क्रिय झाली. ती ज्या बॉम्बर ग्रुपमध्ये होती, त्यातल्या 9, 436 आणि 492 या स्क्वाड्रन त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा उभ्या राहिल्या; ही नाही. इंग्लंडमधल्या लेकनहीथ तळावर 493 आकडा दिसला तर गल्लत करू नका. ती फायटर स्क्वाड्रन, तिची वंशावळ वेगळी.