टाळ नव्हते, अस्वलं होती

अलास्कात सॅल्मन माशांसाठी, एका खाणीविरुद्ध चालत निघालो होतो. इलियामना गाव, तळं, न्यूहेलन नदी, सगळं भराभर मागे पडलं. पुढे वाटच नाही. टुंड्रातले, म्हणजे या झाडं नसलेल्या गार माळावरचे, गवताचे गठ्ठे ओल्या उशीसारखे डुलतात, पाय घसरून मधल्या पाण्यात. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून बोलत राहा, असं अँकरेजच्या दादानं बजावलेलं. मग टाळ्या वाजवत ज्ञानोबा-तुकाराम सुरू केलं. दिवेघाटात इतक्या मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. दादाला ताल नाही. वर दर अर्ध्या तासाला किती मैल झाले ते सांगायचा. डोक्यावर जाळी, जाळीच्या आत डास.

दुपारी टाचेचा फोड फुटला. मोजा सोलून काढताना रडू आलं आणि दादाचा रागही, कारण तो फोटो काढत होता. पलीकडे चारचाकी बाइक उभी करून एक आजी ब्लूबेरी खुडत होत्या. नॉनडाल्टन गावच्या, इथल्या मूळ देनाइना लोकांपैकी. त्या आल्या, पाय पाहिला, काही न विचारता पिशवीतून कोरडे लोकरी मोजे काढले. मग धुरावलेल्या सॅल्मनची पट्टी पुढे केली. मी गळ्यातली माळ दाखवली. दादानं इंग्रजीत लांबलचक खुलासा केला, माझ्या वाट्याची पट्टीही खाल्ली.

"मासे खात नाहीस आणि माशांसाठी चालतेस?" आजी हसल्या ते हसतच राहिल्या. डब्याचं झाकण बेरींनी भरून दिलं. मोजे परत कुठे पाठवू म्हटलं, तर हात झटकला. वाकले नमस्काराला, तर त्यांना वाटलं फोडच बघतेय.

पेबल नावाच्या खाणीचा घाट इथेच घातलाय. जमिनीत तांबं, सोनं, मॉलिब्डेनम. वरचं पाणी टॅलरिक ओढ्यातून क्विचाक नदीला, कॉक्टुलीतून नुशगॅक नदीला, शेवटी सगळं समुद्रात, ब्रिस्टल बे या उपसागराला. २०२२ मध्ये तिथे सुमारे ७.९ कोटी सॉकाय, म्हणजे सॅल्मनचीच एक जात, परतले. पाण्यात तांबं किंचित वाढलं तरी माशाचं नाक मंदावतं, आणि वासावरच तर तो जन्माचा ओढा शोधतो. जानेवारी २०२३ मध्ये ईपीएनं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, खाणीचा कचरा या पाण्यात टाकायला मनाई केली. कंपनी कोर्टात गेली. माझ्या फोनमध्येही तांबं आहेच, पण म्हणून हाच ओढा द्यायचा?

टॅलरिकमध्ये उतरले तर लालभडक सॉकाय नडग्यांवर आपटत वर चाललेले. पाठी सोललेल्या, शेपट्या झिजलेल्या. अंडी घातली की मरायचेच. माउली, माउली एवढंच तोंडातून निघालं. गारठ्यानं फोडाचीही शुद्ध राहिली नाही.

स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलं लांब, पुन्हा अस्वलांमुळेच. दादा म्हणाला, भांडी तू घास, माझ्या हातांना माशाचा वास येतोय. म्हटलं, मग साबण तुलाच जास्त लागणार, घास तूच.