बेसमेंटला गळती? रंगाचा डबा बाजूला ठेवा, आधी अंगणात जा

गोव्यात तुला बेसमेंट हवं कशाला होतं, असं पुण्याचा मावसभाऊ प्रत्येक फोनला विचारतो. आता त्याला काय सांगायचं, प्लॉटच तसा आहे. डिचोलीला आमचं घर उतारावर, रस्त्यावरून बघाल तर बैठं आणि मागच्या व्हाळाकडून (ओढ्याकडून) बघाल तर दोन मजली, म्हणजे खालच्या मजल्याच्या तीन बाजू मोकळ्या आणि चौथी भिंत सरळ डोंगरात घुसलेली. पर्वरी, फोंडा, साखळी, जिथे जिथे चढावर घरं बांधलीत तिथे हाच प्रकार, आणि पावसाळ्यात त्या एका भिंतीवरून सगळ्यांची हीच रड.

ही भिंत मिरगाच्या पहिल्या सरींना कोरडीच असते बरं का. माणसाला वाटतं सुटलो यंदा. मग जुलै लागतो, डोंगर पिऊन पिऊन भरतो आणि एक दिवस भिंत आणि लादी मिळतात त्या कोपऱ्यातून बारीक ओहळ सुरू. नंतर पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं तरी झिरपणं चालूच. आपला चिरा असतोच भोकाभोकांचा, आणि भिंतीमागचा डोंगरही त्याच जांभ्या दगडाचा, तो पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तो जाणार कुठे?

आधीच्या मालकाने ह्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारला होता, जाड, चकचकीत. त्याला तळहाताएवढे फुगे आले होते. एक फुगा नखाने फोडला तर आतून लालसर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि रंगाचा पापुद्रा प्लास्टिकसारखा अख्खा हातात आला, त्याच्या मागे प्लास्टरवर पांढऱ्या क्षाराची भुकटी. रंग वाईट नव्हता हो, जागा चुकीची होती. भिंतीमागे एक मीटर उंचीचं पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टनाचा दाब येतो. तोच थर बाहेरून असता तर पाण्याने त्याला भिंतीवर दाबून धरलं असतं, आतून असला की पाणी त्याला ढकलून सोडवतं. इतकं साधं आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही कारण डबा विकायचा असतो.

आणखी एक गोष्ट, सगळा ओलावा झिरपणीचाच असतो असं नाही. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच इतकी दमट की थंड भिंतीला घाम येतो. भिंत पुसून ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवा, दुसऱ्या दिवशी बघा. फॉइलच्या मागे पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय, पुढे असेल तर हवेतलं, मग खिडक्या आणि एक्झॉस्ट बघा, फोडाफोडी नको.

आमच्या मेस्तने (गवंड्याने) मात्र फॉइल वगैरे काही केलं नाही. तो भर पावसात छत्री घेऊन वरच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, पाणी तुम्हीच आत घेताय, हे बघा." छपराचा पाईप थेट भिंतीच्या बुडाशी सोडलेला आणि अंगणातल्या पेव्हर ब्लॉकचा उतार रस्त्याकडे नाही, घराकडे! १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला की १० हजार लिटर होतात, म्हणजे एका दिवसात एक अख्खा टँकर आम्ही भिंतीमागे ओततोय. पाईप लांबवून गटारात सोडला आणि ब्लॉक उचलून उतार फिरवला, एवढ्यानेच अर्धी गळती कमी झाली.

उरलेलं काम उन्हाळ्यातलं, मृगाच्या आधी आटपायचं. भिंतीलगत बाहेरून चर खणायचा, पण टप्प्याटप्प्याने, एका वेळी सगळी भिंत उघडी टाकायची नाही आणि पायाच्या खाली तर अजिबात जायचं नाही. चिरे धुऊन, सांधे भरून प्लास्टर, ते सुकलं की बाहेरून वॉटरप्रूफिंगचा थर, माती भरताना तो फाटू नये म्हणून त्यावर बोर्ड. तळाशी भोकांचा पाईप, साधारण १०० मीटरला एक मीटर उतार देऊन, भोवती खडी आणि खडीला जिओटेक्स्टाईलचं कापड, नाहीतर लाल माती पाईप बुजवते. खरा खर्च मजुरीचा, सामानाचा त्यामानाने कमी.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक तळघरात खड्डा करून पंप बसवतात. आपल्याकडे उतारावर पंप कशाला, तोही नेमका पावसात लाईट गेल्यावर बंद पडणारा? पाईपचं तोंड खालच्या बाजूला काढा, पाणी आपोआप जातं. फक्त ते खालच्या शेजाऱ्याच्या परसात सोडू नका, भांडण ठरलेलं. आमचं व्हाळात सोडलंय.

बाहेरून खणायला जागाच नसेल, भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटलेली असेल, तर काँक्रीटच्या भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन चालतं, पाणी लागलं की ते फुगून भेग भरतं. क्रिस्टलाइन कोटिंगही काँक्रीटवरच, ते काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून छिद्रं बुजवतं, चिऱ्याच्या भिंतीवर त्याचे पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

यंदा जुलैत लादी कोरडी राहिली, बाहेर पाईप मात्र धो धो वाहत होता. एक कोपरा अजून ओला आहे, पण तो एप्रिलमध्येही ओलाच होता, म्हणजे त्याचा पावसाशी संबंध नाही, वरच्या बाथरूमचं ड्रेनेज गळतंय. चवथीनंतर प्लंबरला बोलावलंय.