आजोबांचा चाकू खिशात घालून शेफिल्डला

आमच्या घरी एक मिटता चाकू आहे, माझ्या आजोबांचा. ते वाईला कारकुनी करायचे आणि हा चाकू कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असायचा. काळ्या शिंगाची मूठ, एक मोठं पातं आणि एक अगदी बारकं. मोठ्याने आंबा, सुपारी, सुतळी काहीही कापायचं, पण बारक्याला कुणी हात लावायचा नाही, कारण ते फक्त बोरूसाठी, म्हणजे वेताची लेखणी तासायला. मिटताना त्याचा जो टक् असा आवाज यायचा तो मला अजून झोपेतसुद्धा ओळखता येईल. नंतर नंतर पातं सैल झालं आणि तो आवाज गेला.

त्या एका चाकूपायी मला नाद लागला. रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरायचं, गंजलेल्या पान्या-कुलुपांच्या ढिगात हात घालायचा, मुंबईला गेलो तर शुक्रवार साधून चोर बाजार. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर माणसं कशी थबकतात, तसं माझं जुन्या चाकूंसमोर होतं. आज माझ्याकडे एकेचाळीस आहेत आणि त्यातले निम्मे तरी इंग्लंडमधल्या चाकूंच्या गावचे, शेफिल्डचे. मावसभाऊ लीड्सला असतो, तिथून शेफिल्ड रेल्वेने तासाभराच्या आत-बाहेर, त्यामुळे या वेळी गेलो तेव्हा तीन दिवस फक्त चाकूंसाठी ठेवले आणि आजोबांचा चाकूही सोबत घेतला. (चाकू विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच टाकायचा. आणि इंग्लंडमध्ये खिशात बाळगायचा तर पातं तीन इंचांपेक्षा लहान आणि लॉक न होणारं पाहिजे. आजोबांचा या दोन्हीत बसतो, तरी मी जाण्याआधी फूटपट्टी लावून बघितलं.)

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच एक लांबलचक चकचकीत स्टीलची भिंत आहे, तिच्यावरून पाणी वाहत असतं. गावाने स्वतःची ओळख दारातच ठेवलीय. डोंगरउतारांचं गाव, डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली, रिव्हेलिन अशा पाच नद्या, आणि या उतारांवरच्या पाण्यानेच इथला धंदा उभा केला, कारण पाणचक्कीशिवाय धारेचे दगड फिरणार कसे? चाकू-कात्र्या करणाऱ्यांची इथली कंपनी ऑफ कटलर्स १६२४ सालची. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा ही माणसं इथे कुणी कुठली खूण पात्यावर मारायची याचे नियम करत होती.

ही खूण म्हणजे आम्हा जमवणाऱ्यांचा जीव. आजोबांच्या चाकूवर एक चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस (चारही हात टोकाकडे फाकलेला क्रूस) आहे, ती जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण, १७६४ पासूनची. खाली मुकुट, त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर, म्हणजे जॉर्ज राजाच्या काळातला. आता जॉर्ज तर बरेच झाले, पण पात्यावर इंग्लंड हा शब्दही कोरलाय, आणि तो सहसा १८९० नंतरच्या मालावर दिसतो, म्हणजे हा १९१० नंतरचा, पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचा. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा. आणि एक, रॉजर्सच्या स्पेलिंगमध्ये डी बघा! या नावाची नक्कल भरपूर झालीय, चांगला जुना दिसणारा चाकू असतो आणि नावात डी नसतो. मी एकदा त्यात फसलोय, म्हणून सांगतो.

पहिल्या दिवशी केलहॅम आयलंड म्युझियम. तिथे बारा हजार हॉर्सपॉवरचं रिव्हर डॉन नावाचं वाफेचं इंजिन आहे, लोक त्यासाठी येतात, मीही पाच मिनिटं बघितलं आणि सरळ हॉली गॅलरीत गेलो. केन हॉली नावाच्या माणसाने आयुष्यभर शेफिल्डची हत्यारं, अवजारं आणि चाकू गोळा केले, नुसती अवजारंच नाहीत तर ती बनवायची अवजारंसुद्धा, अर्धवट घडलेली पाती, न लागलेल्या मुठी. मला हे फार म्हणजे फार आवडलं, कारण आपण सगळे तयार वस्तू जमवतो आणि ती होते कशी हे कुणीच जपत नाही. तिथेच रॉजर्सचा इयर नाइफ आहे, १८२२ साली केलेला, तेवढीच म्हणजे १८२२ पाती असलेला, चिडलेल्या साळिंदरासारखा दिसतो. पुढेही त्यात पात्यांची भर पडत गेली. कौतुक आहेच, पण माझा जीव रमला तो शेजारच्या साध्या चाकूंत. लॅम्बफूट नावाचा प्रकार, सरळ धारेचा, टोक बोथट, शेतकऱ्याच्या खिशातला. असा चाकू रोज वापरून वापरून निम्मा झालेला असतो आणि तरी मिटल्यावर त्याची पाठ एका रेषेत येते.

इथे थोडं सांगायला हवं. एक चाकू एका माणसाने केलेला नसायचा. पातं घडवणारा वेगळा, दगडावर धरून त्याला आकार आणि धार देणारा वेगळा, आणि पातं, पाठीची स्प्रिंग, पितळी पट्ट्या, शिंग हे सगळं जुळवून रिव्हेट मारणारा कटलर वेगळा. यातली पुष्कळ माणसं एकेका खोलीत स्वतंत्र धंदा करायची, त्यांना लिटल मेस्टर म्हणायचे, आणि माल मोठ्या कंपनीच्या नावाने विकला जायचा. म्हणजे माझ्या चाकूवर रॉजर्स आहे, पण तो जुळवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. स्टॅन शॉ हे त्या परंपरेतले शेवटच्या काहींपैकी एक, १९४१ मध्ये चौदाव्या वर्षी इबर्सन कंपनीत लागले (त्या कंपनीची खूण व्हायोलिन, सापडलं तर सोडू नका), आणि पुढे याच म्युझियममध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. २०२१ मध्ये गेले, ९४ वर्षांचे होऊन.

दुपारी ॲबीडेल रोडवरची जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घातली. एका दुकानात पेटीभर चाकू निघाले आणि त्यात एक सांबरशिंगाच्या मुठीचा, इतका देखणा की मी तो हातातून खाली ठेवेना. सांबरशिंग म्हणजे आपलंच, हिंदुस्तानातून जहाजाने इथे यायचं, कारण सांबराचं शिंग आतून भरीव असतं, रिव्हेट मारताना तडकत नाही. म्हशीची शिंगंही आपल्याकडून जायची, आजोबांच्या चाकूची मूठ तीच. पण आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे, तो सांबराचा चाकू परत हिंदुस्तानात आणायच्या भानगडीत मी पडलो नाही. हस्तिदंतवाले तर मी हातातही घेत नाही. शेवटी काळ्या शिंगाचा एक लॅम्बफूट घेतला, पाठीची स्प्रिंग कडक, पात्यावर छान निळसर-करडा डाग चढलेला. तो डाग पॉलिश करून घालवू नका कुणी, प्लीज! लाल गंज काढायचा, तेलाचं बोट फिरवायचं, बस. बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं की खुणा पुसल्या जातात आणि चाकूचा सगळा इतिहास दोन मिनिटांत जातो, आपल्या बाजारात असे कितीतरी चकचकीत केलेले चाकू बघून मला अक्षरशः पोटात तुटतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, शेफर्ड व्हील उघडं होतं. एंडक्लिफ पार्कातून पोर्टर नदीच्या कडेने झाडीतून चालत जायचं, ओढ्याएवढीच नदी, आणि मग दगडी कौलारू खोपट येतं. मोठं चाक पाण्याने फिरायला लागलं, आतले पट्टे आणि दगड गरगरले, सगळी जमीन थरथरली. धार लावणारे त्या दगडांमागे लाकडी घोड्यावर बसल्यासारखे बसायचे, पुढे वाकून, दिवसभर. दगडाची धूळ छातीत जायची आणि माणसं तरुणपणीच दम लागून मरायची, त्यातही कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचे हाल जास्त. लहानपणी आमच्या आळीत शिकलगार यायचा, चाक पायाने फिरवायचा, ठिणग्या उडाल्या की आम्ही टाळ्या वाजवायचो. तो सारखा खोकायचा हे मला त्या खोपटात उभं असताना आठवलं. बराच वेळ तिथून निघालो नाही.

तिसरा दिवस पोर्टलंड वर्क्स. रँडल स्ट्रीटवरची विटांची जुनी इमारत, स्टेनलेस स्टीलचे पहिले चाकू-सुऱ्या इथेच १९१४ च्या सुमारास बनले, आणि तिचे फ्लॅट होणार होते तेव्हा शेकडो लोकांनी शेअर्स घेऊन ती वाचवली. अजून आत कारागीर काम करतात. एका कटलरला मी आधी कळवून ठेवलं होतं. त्यांनी आजोबांचा चाकू घेतला, आधी काहीच बोलले नाहीत, मोठं पातं उघडलं, मिटलं, कानाशी धरून पुन्हा उघडलं. चाकूचं चालणं आणि बोलणं बघायचं असतं म्हणाले, उघडताना कसा चालतो आणि मिटताना कसा बोलतो. हा चालतोय पण बोलत नाही. मग चाकू एका पोलादी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने बिजागरीच्या पिनेवर हलके ठोके दिले, चार की पाच, मध्ये मध्ये उघडून बघत. तेलाचा थेंब. आणि माझ्या हातात दिला.

टक्.

मला काही बोलता येईना. त्यांनी बारक्या पात्याकडे बोट दाखवून विचारलं, हे इतकं का झिजलंय? मी बोरूचं सांगितलं, त्यांना कळेना, मग कागदावर काढून दाखवलं, असा वेत, असं तिरकं टोक, मध्ये चीर. ते म्हणाले, अरे मग हा बरोबर माणसाकडे गेला, पेननाइफ म्हणतात ते पीसाच्या लेखण्या कापायच्या म्हणूनच. कुणी जुळवला असेल हा, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, सांगता येत नाही, पण ज्याने केला त्याला घाई नव्हती, आतल्या बाजूची स्प्रिंगसुद्धा घासून गुळगुळीत केलीय, तिथे कोण बघणार होतं. पैसे घेतले नाहीत.

पुण्यात परत आल्यावर अप्पा बळवंत चौकातून चार बोरू आणले. पहिल्याचं टोक चिरफळलं, दुसरं जाड झालं, तिसऱ्याला बारकं पातं नीट बसलं आणि एका झटक्यात तिरकं कापलं गेलं. शाई केली आणि आजोबा करायचे तसा आधी कागदाच्या वर मधोमध श्री काढला.