गार्मिनच्या नकाशा-कार्डाचा बॅकअप
गार्मिन या जीपीएस उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा नकाशा मायक्रोएसडी कार्डावर विकत घेतला असेल, तर त्याचं कॉपी रोखणारं कुलूप त्या कार्डालाच बांधलेलं असतं. फाइल दुसऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरते, आकारही तोच दिसतो. पण जीपीएस उपकरण तो नकाशा उघडत नाही. डाउनलोड केलेला नकाशा मात्र उपकरणाच्या युनिट आयडीला, म्हणजे त्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाला, बांधलेला असतो.

तरीही बॅकअप घ्याच. लपलेल्या फाइली दिसू द्या आणि 'गार्मिन' फोल्डर अख्खं संगणकावर उतरवा, नुसती नकाशाची .आयएमजी फाइल घेऊन भागत नाही, कारण कुलपाची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असू शकते. कार्ड चुकून फॉरमॅट झालं, तर त्याच कार्डावर सगळं परत टाका. कार्डच मेलं, तर हा बॅकअप निरुपयोगी. पैसे मोजलेल्या ग्राहकावर हा सरळ अन्याय आहे. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेल्या मोफत नकाशांना असं कुलूप नसतं.